नोंद किती आणि गोंगाट किती : वाय-फाय ड्रायव्हरच्या नोंदवहीचा अभ्यास

निवासी शाळेला नोंदवहीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. हजेरीपट, हालचाल नोंदवही, कोठीघराचे साठा रजिस्टर, आजारी विद्यार्थ्यांची वही आणि कार्यालयातील आवक-जावक यांच्या आधारावरच संस्थेचा कारभार चालतो. या वह्या लिहिण्याचा एक अलिखित दंडक असतो. रात्रीच्या हजेरीत जो विद्यार्थी जागेवर नाही त्याची नोंद होते. जो आहे त्याने किती वेळा कूस बदलली याची होत नाही. तशी ती होऊ लागली तर वही महिन्याभरात भरेल आणि गैरहजर विद्यार्थ्याचे नाव तिच्यात शोधूनही सापडणार नाही. उलट, काहीच न लिहिणारा अधीक्षकही उपयोगाचा नाही. कारण अडचण उद्भवली की मागे वळून पाहण्यासाठी त्याच्यापाशी काहीच उरत नाही.

संगणकही अशीच एक नोंदवही अखंड लिहीत असतो. त्यातही बिनतारी जोडणी, म्हणजे वाय-फाय, सांभाळणाऱ्या भागाची लेखणी फार सैल सुटण्याचा संभव असतो. या लेखात आम्ही त्या वहीचा विचार करीत आहोत. विषय तांत्रिक असला तरी तो केवळ तंत्रज्ञांचा नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, प्रवेशाची फेरी, निकाल हे सारे आता इंटरनेटवरून होते. अंतिम तारखेच्या सायंकाळी रोहिणखेडसारख्या गावातील वसतिगृहाची जोडणी तुटली, तर ती का तुटली याची सर्वांत जवळची साक्ष ही नोंदवहीच देते. साक्ष नेमकी असेल तर दुरुस्ती दहा मिनिटांत होते. ती मोघम असेल किंवा वाचाळ असेल, तर मलकापूर अथवा बुलढाण्याहून कारागीर बोलवावा लागतो आणि पुष्कळदा धडधाकट यंत्र टाकून नवे विकत घेण्याचा खर्च संस्थेच्या वा पालकांच्या माथी येतो.

१. ही वही कोण लिहितो?

संगणकातील वाय-फायचे कार्ड आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. कार्डाला कोणत्या नेटवर्कशी जोडणी करावयाची ते सांगणे, कार्डाकडून आलेली माहिती कार्यप्रणालीच्या हाती देणे आणि काही बिनसले तर तसे कळविणे, ही त्याची मुख्य कामे होत. नोंदवहीचा संबंध यांपैकी तिसऱ्या कामाशी आहे.

अभ्यासासाठी आम्ही लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीची उदाहरणे घेतली आहेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहावयास घेतला. आज असंख्य राउटरांमध्ये आणि अँड्रॉइड मोबाइलमध्ये तोच गाभा काम करतो. त्याचा मजकूर कोणासही वाचता येतो, म्हणून एखादी नोंद का लिहिली गेली आणि ती पुढे का बदलली गेली, हे आपणास मुळातून पाहता येते.

कर्नेलची वही संगणकाच्या स्मृतीत ठराविक आकाराची असते. तिची पाने संपली की रहाटगाडग्याप्रमाणे पुन्हा पहिल्या पानापासून लेखन सुरू होते आणि जुना मजकूर पुसला जातो. प्रत्येक नोंदीला ० ते ७ यांपैकी एक क्रमांक दिलेला असतो. ० म्हणजे आणीबाणी, १ म्हणजे तत्काळ कृती हवी, २ गंभीर, ३ त्रुटी, ४ सावधगिरी, ५ लक्षणीय, ६ माहिती आणि ७ केवळ तपासणीसाठी. क्रमांक जितका लहान तितके गांभीर्य मोठे. ही उतरंड १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल आज्ञावलीच्या कामात उभ्या केलेल्या सिसलॉग पद्धतीतून आली आहे. उतरंड सोपी दिसते. परंतु कोणती घटना कोणत्या पायरीवर बसवावी हे ठरविणे सोपे नाही. त्या निर्णयातच ड्रायव्हर लिहिणाऱ्याची कसोटी असते.

२. हवेत अपयश हे नित्याचेच

तारेने जोडलेल्या जाळ्यात माहितीचा एखादा तुकडा हरवला, तर ती बहुधा दखल घेण्याजोगी घटना असते. हवेतील कारभार मात्र वेगळा आहे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग व्यवहारात तीनच मिळतात : क्रमांक १, ६ आणि ११. त्याच हवेतून शेजारच्या घराचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरी वाहत असतात. भिंत आड येते, माणूस मध्ये उभा राहतो, मोबाइल वीज वाचविण्यासाठी क्षणभर झोपी जातो. म्हणून वाय-फायच्या रचनेतच पुनःप्रयत्न गृहीत धरला आहे. पाठविलेल्या तुकड्याची पोच आली नाही तर तो पुन्हा पाठविला जातो. लिनक्समध्ये लहान तुकड्यांसाठी अशा प्रयत्नांची नेहमीची मर्यादा ७ असते.

याचा अर्थ असा की, एका तुकड्याची पोच न येणे हा बिघाड नव्हे. ते हवामान आहे. शेताची राखण करणाऱ्याने मचाणावरून प्रत्येक पानाच्या सळसळीला ‘रोही आला, रोही आला’ अशी आरोळी ठोकली, तर दुसऱ्या रात्री त्याच्या हाकेला कोणी उठणार नाही. आणि तिसऱ्या रात्री रोह्यांचा कळप खरोखर हरभऱ्यात उतरेल. वारा वाहतो हे खरे आहे, पाने हलतात हेही खरे आहे. परंतु राखणदाराचे काम वाऱ्याची खबर देण्याचे नसते. वायरलेस ड्रायव्हरला हा विवेक इतर कोणत्याही ड्रायव्हरपेक्षा अधिक लागतो, कारण त्याच्या भोवतीचे रान अखंड सळसळत असते.

३. गोंगाटाचा हिशेब

हा प्रश्न आकड्यांनी अधिक स्पष्ट होतो. प्रत्येक वाय-फाय प्रवेशबिंदू, म्हणजे ज्याला आपण सहसा राउटर म्हणतो, आपले अस्तित्व जाहीर करण्यासाठी ठराविक काळाने एक लहानसा संदेश प्रसारित करतो. त्यास बीकन म्हणतात. दोन बीकनमधील नेहमीचे अंतर १०२.४ मिलिसेकंद असते, म्हणजे सेकंदाला जवळपास १० बीकन. आता समजा, एखाद्या ड्रायव्हरने ऐकलेल्या प्रत्येक बीकनमागे वहीत एक ओळ लिहिली. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात; म्हणून एकाच प्रवेशबिंदूमुळे दिवसाला ८,४३,७५० ओळी लिहिल्या जातील. ओळ १०० अक्षरांची धरली तर हा मजकूर सुमारे ८४ मेगाबाइट भरतो. आसपास असे पाच प्रवेशबिंदू असतील तर रोजच्या ओळी ४२ लाखांवर जातील.

कर्नेलच्या वहीचा एक प्रचलित आकार १२८ किलोबाइट आहे. तीत १०० अक्षरांच्या साधारण १,३०० ओळी मावतात. वरील वेगाने ही वही सव्वादोन मिनिटांच्या आत भरून पुन्हा पहिल्या पानावर येईल. सकाळी १० वाजता डिस्क नादुरुस्त होत असल्याची एक गंभीर ओळ तीत लिहिली गेली असेल, तर १० वाजून ३ मिनिटांनी ती पुसली गेलेली असेल. वहीची प्रत डिस्कवर उतरत असेल तर तेथे ती ओळ राहील खरी. पण लाखो बीकनच्या ढिगाऱ्यात. लहान राउटरांची परिस्थिती आणखी नाजूक असते. त्यांची नोंद बहुधा स्मृतीतच राहते आणि वीज गेली की सारी वही कोरी होते.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. हवा कोणाच्या मालकीची नसते. रस्त्यावर उभा असलेला कोणीही अनोळखी मनुष्य स्वस्तातल्या उपकरणातून वेडेवाकडे संदेश हवेत सोडू शकतो. अशा प्रत्येक सदोष संदेशाची ड्रायव्हर एकेक ओळ लिहीत असेल, तर आपली वही किती भरावी हे ठरविण्याचा अधिकार आपण त्या परक्याच्या हाती दिला, असेच म्हणावे लागेल.

अतिरेकी सूचनांचा धोका संगणकापुरता मर्यादित नाही. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात मोठा स्फोट झाला. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने केलेल्या चौकशीत एक बाब ठळकपणे पुढे आली. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या १०.७ मिनिटांत नियंत्रण कक्षातील दोन कर्मचाऱ्यांपुढे धोक्याच्या २७५ सूचना आल्या होत्या. म्हणजे दर अडीच सेकंदांच्या आत एक. इतक्या वेगाने आलेली सूचना वाचून, समजून, तिच्यावर कृती करणे मनुष्याला शक्य नसते. सूचना तेथे होत्या, आणि तरीही त्या वेळी योग्य गोष्ट योग्य माणसापर्यंत पोहोचली नाही. वसतिगृहाच्या वाय-फायमुळे स्फोट होणार नाही, हे उघड आहे; परंतु मनुष्याच्या लक्षाची मर्यादा दोन्ही ठिकाणी सारखीच आहे.

४. खरी, तरीही दिशाभूल करणारी नोंद

आता एक प्रत्यक्ष घडलेले उदाहरण पाहू. क्वालकॉम अथेरॉस कंपनीच्या अनेक वाय-फाय चिपसाठी लिनक्समध्ये ‘एटीएच१०के’ नावाचा ड्रायव्हर आहे. अशा चिपला काम सुरू करण्यापूर्वी फर्मवेअर, म्हणजे तिच्या पोटात भरावयाची आज्ञावली, फाइलमधून द्यावी लागते. हा ड्रायव्हर सुरू होताना एकामागून एक अनेक फाइली शोधतो. त्यांतील काही फाइली विशिष्ट राउटरांसाठीच असतात. काही फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्या असतात, आणि नवी नसेल तर त्याहून जुनी चालते. म्हणजे यांपैकी अनेक फाइली ऐच्छिक आहेत.

फाइल शोधून देण्याचे काम मात्र कर्नेलमधील दुसरा सामायिक विभाग करीत असे आणि फाइल सापडली नाही की तो नियमाप्रमाणे वहीत लिहीत असे : अमुक फाइल चढविण्यात अपयश, त्रुटी क्रमांक उणे २. उणे २ म्हणजे ‘अशी फाइल नाही’. परिणामी, उत्तम चाललेल्या संगणकावरही प्रत्येक वेळी अपयशाच्या ओळी उमटत. वाय-फाय चालू असे, पण वही सांगे की काहीतरी फसले आहे. जाणकार मनुष्य त्या ओळी सोडून देई. नवखा घाबरून उपाय शोधू लागे. सर्वांत वाईट स्थिती तिसऱ्याची होई. वाय-फाय अन्य कारणाने तुटत असताना तो या निरपराध ओळींच्या मागे लागून दिवस घालवी.

ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नेलच्या ४.१८ या आवृत्तीत यावर एक छोटा परंतु विचारपूर्वक केलेला उपाय आला. फाइल मागण्याची अशी एक नवी रीत उपलब्ध झाली, की जिच्यात फाइल सापडली नाही तरी सामायिक विभाग मौन पाळतो. ती फाइल अत्यावश्यक होती की ऐच्छिक, हे मागणाऱ्या ड्रायव्हरलाच ठाऊक असते. म्हणून तक्रार करावी की नाही हा निर्णय आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावरच सोपविण्यात आली. एटीएच१०के ड्रायव्हरने ही रीत स्वीकारली.

या उदाहरणातून निघणारा धडा आम्हास या संपूर्ण विषयाचे सार वाटतो. त्या ओळीत खोटे काहीच नव्हते. फाइल खरोखरच नव्हती. तरीही ती नोंद सदोष होती, कारण वाचणाऱ्याने करावे असे तिच्यात काही नव्हते. हीच ओळ, शब्दही न बदलता, दुसऱ्या संगणकावर सर्वांत मोलाची ठरू शकते. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स वितरणाच्या अधिकृत स्थापना-संचात जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपूर्वी मुक्त परवान्यात न बसणारे फर्मवेअर समाविष्ट नसे. एखाद्या विद्यार्थ्याने जुन्या लॅपटॉपवर अशी प्रणाली बसविली की वाय-फाय दिसतच नसे आणि ‘कार्ड गेले, बदलावे लागेल’ असा निष्कर्ष काढला जाई. वहीतील तीच ओळ नीट वाचणाऱ्यास मात्र कळत असे, की कार्ड शाबूत आहे, एक फाइल तेवढी आणून ठेवावयाची आहे. खर्च शून्य. म्हणून नोंदीचे मोल तिच्या शब्दांत नसते. ती कोणापुढे आली आणि त्याच्या हाती तिने कोणती कृती दिली, यावर ते ठरते.

५. मौनाचा तोटा

गोंगाटाला कंटाळून वही बंद करून टाकणे हा उपाय नव्हे. दुरुस्ती करणारा मनुष्य जितका दूर, तितकी नोंदीची गरज अधिक. आपल्याच राज्यात याची उदाहरणे आहेत. आयआयटी मुंबईने ‘ग्राममार्ग’ या उपक्रमात पालघर जिल्ह्यातील पाड्यांपर्यंत दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले, प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखालील या कामाचा २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत गौरव झाला. आपल्या विदर्भात मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ पासून ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. अशा ठिकाणी खांबावर चढून पाहणारा तज्ज्ञ पायथ्याशी बसलेला नसतो. नोंदवही हीच त्याची दूरची नजर.

तामिळनाडूतील थेनी परिसरात अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतील दृष्टी केंद्रे लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडली. रुग्ण खेड्यात, डॉक्टर रुग्णालयात आणि तपासणी पडद्यावरून, अशी ती व्यवस्था होती. या कामात सहभागी असलेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००८ साली आपले अनुभव मांडले. त्यांतील मोठा निष्कर्ष असा होता, की जोडणी बंद पडण्याचे मूळ पुष्कळदा रेडिओत नसून विजेच्या खराब पुरवठ्यात होते. घाटावर असो वा घाटाखाली, दाबाच्या चढउताराने पंप जळालेला पाहिलेल्या आपल्या शेतकरी पालकांना हे पटवून द्यावे लागणार नाही. पण दूर बसलेल्या तंत्रज्ञाला समोरचे टोक गप्प का आहे, हे कळावे कसे? वीज गेली, अँटेना हलली की कार्ड बिघडले? तिन्ही कारणांत पडद्यावर दिसते ते एकच : जोडणी नाही.

येथे नेमकी नोंद कामी येते. वाय-फायच्या मानकात जोडणी तुटण्याच्या कारणांना क्रमांक दिलेले आहेत आणि लिनक्सचा वाय-फाय विभाग जोडणी तुटल्यावर तो क्रमांक वहीत लिहितो. क्रमांक ३ म्हणजे उपकरण स्वतःहून निघून गेले. क्रमांक ४ म्हणजे बराच वेळ हालचाल नसल्याने जोडणी काढली. क्रमांक ५ म्हणजे प्रवेशबिंदूला जोडलेल्या सर्व उपकरणांचा भार झेपत नाही. क्रमांक १५ म्हणजे सांकेतिक किल्ल्यांची चार टप्प्यांची देवाणघेवाण वेळेत पुरी झाली नाही, आणि याचे एक नेहमीचे कारण चुकीचा पासवर्ड हे असते. एका ओळीतील एका अंकामुळे चार वेगवेगळे उपाय सुचतात. ५ दिसला तर दुसरा प्रवेशबिंदू लावावा. १५ दिसला तर पासवर्ड तपासावा. ज्या ड्रायव्हरने एवढेच लिहिले की ‘काही त्रुटी आली’, त्याने ओळ खर्च केली आणि माहिती दिली नाही. मौन आणि मोघमपणा यांचा परिणाम सारखाच होतो.

६. समतोल साधण्याची साधने

लिनक्सच्या विकासकांनी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून काही साधने घडविली आहेत. त्यांचा क्रमाने परिचय करून घेऊ.

पहिले साधन मोजणीचे. जे नित्य घडते ते लिहू नये, मोजावे. किती तुकडे पाठविले, कितींचा पुनःप्रयत्न झाला, किती अखेर फसले, सिग्नल किती आहे, हे आकडे ड्रायव्हर बाजूला साठवून ठेवतो. ज्याला हवे तो ते मागून घेतो. सळसळीची आरोळी न देता राखणदाराने काठीवर खुणा कराव्यात आणि मालकाने विचारल्यावर दाखवाव्यात, तसे हे आहे.

दुसरे साधन मर्यादेचे. एकच नोंद वारंवार येत असेल तर कर्नेल तिला चाळणी लावू शकतो. नेहमीचा नियम ५ सेकंदांत जास्तीत जास्त १० ओळींचा आहे. उरलेल्या गाळल्या जातात आणि किती गाळल्या याची एक ओळ लिहिली जाते. ही शेवटची बाब महत्त्वाची. दडपलेल्याची संख्या लपविली जात नाही. तथापि मर्यादेवर विसंबून राहू नये. ५ सेकंदांना १० या हिशेबाने दिवसाला १,७२,८०० ओळी नियमात राहूनही लिहिता येतात. काही नोंदींसाठी म्हणून ‘एकदाच लिहा’ अशीही सोय आहे.

तिसरे साधन मागणीनुसार तपशिलाचे. ७ व्या पायरीच्या तपासणीच्या ओळी ड्रायव्हरमध्ये लिहून ठेवलेल्या असतात, पण एरवी झोपलेल्या असतात. ‘डायनॅमिक डिबग’ या सोयीने चालू संगणकावरच, तो बंद न करता, एखाद्या विभागाच्या, एखाद्या फाइलच्या किंवा नेमक्या एका ओळीच्या नोंदी जाग्या करता येतात. काम झाले की पुन्हा बंद. काही वाय-फाय ड्रायव्हरांत यासाठी स्वतंत्र कळाही असतात. जोडणीविषयीच बोल, वीजबचतीविषयी बोलू नकोस, असे त्यांना सांगता येते.

चौथे साधन स्वतंत्र पेटीचे. वाय-फाय चिपमधील फर्मवेअर कोसळले तर कारण शोधण्यासाठी चिपच्या स्मृतीची संपूर्ण प्रत हवी असते. ती वहीत ओतली तर वहीच बुडेल. मॅक८०२११ हा लिनक्सचा सामायिक वाय-फाय विभाग सांभाळणारे योहानेस बर्ग यांनी २०१४ साली यासाठी ‘डेव्ह-कोअरडम्प’ ही व्यवस्था आणली. तिच्यामुळे वहीत फर्मवेअर कोसळल्याची मोजकी नोंद पुरते. मोठी प्रत वेगळ्या पेटीत ठेवली जाते आणि ५ मिनिटांत कोणी ती नेली नाही तर आपोआप टाकून दिली जाते. तपशील हवा त्याला मिळतो, नको त्याच्या वाटेत येत नाही.

या साधनांच्या मुळाशी असलेला विचार ड्रायव्हरपुरता मर्यादित नाही. कोणतीही नोंद लिहिण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

(१) ही ओळ कोण वाचणार आणि वाचून काय करणार? उत्तर नसेल तर ती तपासणीच्या पायरीवर उतरवावी.
(२) ही घटना आहे की हवामान? हवामान असेल तर मोजावे, लिहू नये.
(३) स्थिती बदलली आहे काय? जोडणी तुटली तेव्हा एक ओळ, पुन्हा जुळली तेव्हा एक ओळ. मधल्या काळात ‘अजूनही तुटलेलीच आहे’ असे दर सेकंदास सांगू नये.
(४) परका मनुष्य ही ओळ हवी तितक्या वेळा लिहवून घेऊ शकतो काय? तसे असेल तर मर्यादा अनिवार्य.
(५) कोणते यंत्र, कोणते कारण, कोणता क्रमांक, हे ओळीत आहे काय? नसेल तर ती लिहूनही न लिहिल्यासारखीच.

७. आपल्यासाठी याचा अर्थ

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज पुण्या-मुंबईत किंवा अन्यत्र आज्ञावली लिहिण्याचे काम करतात, त्यांना आमचे विशेष सांगणे आहे. आपण लिहिलेली ओळ बहुधा अशा ठिकाणी वाचली जाईल, जेथे आपण कधी जाणार नाही, आणि अशा वेळी, जेव्हा वाचणाऱ्याजवळ विचारायला दुसरे कोणी नसेल. काम चालू असताना स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेल्या शेकडो ओळी आज्ञावली पाठविण्यापूर्वी पुन्हा वाचाव्यात. त्यांतील कोणती ओळ एखाद्या खेड्यातील शिक्षकाला पुढची पायरी दाखवील, ती ठेवावी, बाकीच्या झोपवाव्यात. पुसून मात्र टाकू नयेत, कारण एखाद्या दिवशी त्याच उपयोगी पडतात.

पालकांना आणि ग्रामस्थांना एवढेच सांगावेसे वाटते, की वाय-फाय चालत नाही म्हणून कार्ड किंवा राउटर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर आधी ‘नोंदीत काय आले आहे?’ असा एक प्रश्न जरूर विचारावा. प्रामाणिक कारागीर ती ओळ दाखवील व समजावूनही सांगेल. नोंद दुसऱ्याकडे पाठविताना मात्र काळजी घ्यावी. तीत आपल्या व शेजारच्या उपकरणांचे ४८ बिटांचे कायमचे पत्ते आणि नेटवर्कची नावे असू शकतात. ती झाकून मगच पाठवावी.

विद्यार्थ्यांनी यातून एक सवय लावून घ्यावी. वहीतील लाल रंगाची प्रत्येक ओळ म्हणजे संकट नव्हे, आणि वही शांत आहे म्हणजे सर्व कुशल आहे असेही नव्हे. सर्व काही सुरळीत असतानाची वही एकदा वाचून ठेवावी. रोजचा आवाज कोणता हे कळले, की वेगळा आवाज लगेच कानी पडतो.

स्वाध्याय

१. एका इमारतीत ३ प्रवेशबिंदू आहेत. प्रत्येक बीकनमागे १०० अक्षरांची एक ओळ लिहिल्यास १२८ किलोबाइटची वही किती सेकंदांत भरेल?
२. ‘जोडणीत अडचण आली’ ही नोंद वरील पाच प्रश्नांच्या आधारे पुन्हा लिहा. आपण कोणती माहिती नव्याने घातली आणि का?
३. एक आठवडाभर वसतिगृहातील इंटरनेटची वही हाताने लिहा. नियम एकच : स्थिती बदलेल तेव्हाच लिहावयाचे. वेळ, वीज होती की नाही आणि त्या वेळी किती जण वापरत होते, हे रकाने ठेवा. आठवड्याच्या शेवटी त्या वहीवरून तुटण्याचे प्रमुख कारण कोणते दिसते, यावर वर्गात चर्चा करा.
४. शाळेतील अशी एक नोंदवही निवडा, जिच्यात गरजेपेक्षा जास्त लिहिले जाते, आणि अशी एक, जिच्यात गरजेपेक्षा कमी. दोन्हींत कोणता बदल सुचवाल?